फडक्याचा उजेड

प्रयोगशाळेतली माणसं तिला लख्खमावशी म्हणायची. आधी पाठीमागे म्हणायची, मग तोंडावर म्हणू लागली, आणि पुढे तर हजेरीपटावरचं खरं नाव कुणी वाचलं की तिलाच क्षणभर वाटायचं, ही आता नवीन बाई कोण आणली! एकोणीस वर्षं ती तिथे काचेची भांडी धूत होती. बीकर, फ्लास्क, नळ्या आणि मुख्य म्हणजे बोटाएवढ्या छोट्या बाटल्या, ज्यांच्यात संशोधक मंडळी आपली उमेदीची वर्षं ओतत असत. तिच्या हाताखालून गेलेली काच उजेडात धरली तर मध्ये काच आहे की नाही असा प्रश्न पडावा. या बाबतीत ती नाकावर माशी बसू देत नसे. खालच्या मजल्यावरची बाई भांडी नुसती विसळते, आपण धुतो, असं ती सगळ्यांना सांगत फिरायची. त्या बाईशी तिचा सात वर्षं अबोला होता तो यावरूनच.

आता एकोणीस वर्षं म्हटल्यावर कुणालाही वाटेल, बाई कधीच कायम झाली असेल. छे! दर अकरा महिन्यांनी तिला एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नवी नेमणूक म्हणून परत घ्यायचे. "मलाही तुमच्या बाटलीसारखं धुऊन कोरं करतात," असं ती हसत सांगायची, पण त्या एका दिवशी घरी ती कुणाशी धड बोलायची नाही. वय झालं होतं छप्पन्न. दोन वर्षांनी निवृत्तीचं वय, आणि हंगामी बाईला निवृत्ती कसली, नुसता नारळच! कायम झाली असती तर संस्थेच्या दवाखान्यात नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं असतं. नवरा मोटारींच्या कारखान्यात चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपून आता पलंगावर झोपला होता. उठून बसायला त्याला भिंतीचा आणि बायकोचा, दोघांचाही आधार लागायचा. तिला कायम करण्याची फाइल सरांच्या टेबलावर होती. तिच्यावर सरांची शिफारस हवी होती आणि सर गेली तीन वर्षं "बघू" म्हणत होते.

सर म्हणजे विभागाचे प्रमुख. माणूस हुशार होता, नाही असं नाही. पण बाटलीला हात लावून त्याला बारा वर्षं झाली होती आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात मात्र एक दिवस खाडा नव्हता.

शेळ्यांमध्ये एक मुलगी होती, संशोधनाच्या सहाव्या वर्षाला लागलेली. दिवसभर काळे पडदे लावलेल्या खोलीत जांभळ्या दिव्यापुढे बसून ती बाटल्यांमधला उजेड मोजायची, म्हणून मावशीने तिचं नाव काजवा ठेवलं होतं. काजव्याचं काम मावशीला बऱ्यापैकी कळायचं, कारण मुलगी एकटी पडली की धुण्याच्या खोलीत येऊन स्टुलावर बसायची आणि बोलत सुटायची. प्रथिनाचा एक बारकासा तुकडा असतो, त्याला पेप्टाइड म्हणतात. त्याची पांढरी पूड विरघळवून पाण्यात सोडली की कुणी न सांगता, न ढवळता तिचे कण आपसूक एकमेकांना धरतात आणि त्यांच्या नळ्या तयार होतात. केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील इतक्या बारीक. "गवंडी नाही, मिस्त्री नाही, आणि घर उभं!" मावशी म्हणायची. "आमच्याकडे एक मोरी दुरुस्त करायला चार महिने लागले."

त्या नळ्यांमध्ये काजवा दोन चमकणारे रंग घालायची, एक हिरवा, एक लाल. हे रंग नुसत्या पाण्यात दाटीवाटीने राहिले की एकमेकांचा उजेड खातात. नळीच्या भिंतीला अंतर ठेवून बसले की चमकतात. आणि दीड वर्षापूर्वी एका सकाळी काजव्याला दिसलं, की जांभळ्या दिव्याखाली तिच्या नळ्या स्वतःसुद्धा निळ्या उजळताहेत. निळा, हिरवा आणि लाल मिळून बाटलीत पांढराशुभ्र उजेड! ती धावत धुण्याच्या खोलीत आली आणि मावशीला ओल्या हातांनिशी ओढत घेऊन गेली.

"बघा, मावशी! विषारी धातू नको, काही नको. उद्या घराघरात असा प्रथिनाचा दिवा लागेल!"

मावशीने पाहिलं. बाटलीत चांदणं भरून ठेवल्यासारखं दिसत होतं. त्या उजेडापेक्षा तिने बाटली पाहिली, आणि बाटलीवर एकही डाग नाही हे पाहून तिचा ऊर भरून आला.

हिरवा आणि लाल रंग काय, कुणीही विकत आणतो. नळ्यांचा स्वतःचा निळा उजेड, हा खरा शोध होता. सरांनी त्यावर ठिकठिकाणी भाषणं केली आणि मोठ्या नियतकालिकाकडे लेख पाठवला. काजव्याचं घोडं गंगेत न्हालं, असं सगळे म्हणू लागले. सरांनी मावशीलासुद्धा एकदा जिन्यात थांबवून सांगितलं, "बाई, हा लेख छापून आला की तुमची फाइल पुढे." मावशीने त्या दिवशी बाटल्या चौदा वेळा मोजल्या, कारण हात थांबवले तर डोळ्यांतून पाणी येईल असं तिला वाटत होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. धुण्याच्या खोलीत सरांच्या सहीचा नियम काचेत मढवून लावला होता. आधी साबणाचं द्रावण, मग नळाचं पाणी, मग तीन वेळा डिस्टिल्ड पाणी, मग ओव्हन. आणि शेवटची ओळ, खाली रेघ मारलेली: कापड लावू नये. मावशी हा नियम पाच वर्षं मोडत होती.

का मोडत होती? पाच वर्षांपूर्वी बाहेरचे पाहुणे आले होते. सर त्यांना प्रयोगशाळा दाखवत होते. बोलता बोलता त्यांनी एक फ्लास्क उचलला, आणि त्यावर पाण्याचा वाळलेला डाग होता. पाणी शुद्ध करायचं यंत्र जुनं झालं होतं, तीन अर्ज देऊनही दुरुस्त होत नव्हतं, त्यामुळे वाळल्यावर काचेवर पांढुरके डाग राहत. हे सरांना ठाऊक होतं. तीनही अर्ज त्यांच्याच टेबलावर होते. पण चारचौघांत ते म्हणाले, "बाई, ही काच धुतलीय की नुसती विसळलीय?" आणि पाहुणे हसले.

विसळलीय! दुसरा कुठला शब्द असता तर तिने गिळला असता. हा घशात अडकला तो अडकलाच. दुसऱ्या दिवसापासून ती घरून जुन्या चादरीची फडकी आणू लागली. लाकडी काडीला फडकं गुंडाळायचं, बाटलीत घालायचं, दोन वेढे उजवीकडे, दोन डावीकडे, आणि मग बाटली ओव्हनमध्ये. दार लोटून, घाईघाईने, चोरी केल्यासारखं. डाग गेले. सरांनी पुन्हा कधी काही म्हटलं नाही, म्हणजे चांगलंही म्हटलं नाही, पण मावशीने ते आपल्यापुरतं कौतुकच धरलं.

काजव्याने तिला पहिल्याच वर्षी फडकं फिरवताना पकडलं होतं. "मावशी, कापड नाही ना लावायचं?"

"मग डाग घेऊन जातेस का?"

काजव्याने ओळीने ठेवलेल्या बाटल्यांकडे पाहिलं. "बरं, मी नाही पाहिलं," असं म्हणून ती हसली, आणि त्यातल्याच दहा बाटल्या उचलून घेऊन गेली.

लेख पाठवून चार महिने झाले आणि माशी शिंकली. दुसऱ्या एका संस्थेतल्या लोकांनी तीच पूड, तेच रंग घेऊन प्रयोग केला आणि कळवलं, हिरवा आहे, लाल आहे, निळा नाही. सर म्हणाले, त्यांच्या हाताला सफाई नाही. सरांनी आपल्याकडची पूड पाठवली. तरी निळा नाही. इथे काजवा दर वेळी प्रयोग करायची आणि दर वेळी बाटली पांढरीशुभ्र उजळायची. नुसतं पाणी, नुसते रंग, नुसती पूड, असं सगळं शेजारी वेगवेगळं ठेवून तिने पडताळलं. नळ्या नसलेली बाटली काळीच राहायची, नळ्या असलेली उजळायची. मग उजेड नळ्यांचा नाही तर कुणाचा? आणि नळ्यांचा असेल तर तिकडे का नाही?

एक दिवस सरांनी तिला खोलीत बोलावून विचारलं, "तू बाटलीत काही घालतेस का?"

काजवा धुण्याच्या खोलीत आली ती भिंतीला टेकून खालीच बसली. चौकशीची समिती पंधरा दिवसांनी बसणार होती. लबाडी केल्याचा ठपका आला तर सहा वर्षं तर पाण्यात जाणारच होती, वर पुन्हा कुठली प्रयोगशाळा तिला उभी करणार नव्हती. "मावशी, मी खरंच काही घातलं नाही हो," असं ती तीन-तीनदा सांगत होती. जणू मावशीच समिती होती.

"मला माहीत नाही का गं," मावशी म्हणाली. "ऊठ. फरशी ओली आहे."

दोन दिवसांनी भर दुपारी मावशी धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे घेऊन अंधाऱ्या खोलीत गेली. काजवा जेवायला गेली होती, जांभळा दिवा चालूच राहिला होता. मावशीने ट्रे दिव्याखाली ठेवला आणि बाटल्या घरंगळू नयेत म्हणून खाली घातलेलं फडकं एकदम पेटल्यासारखं उजळलं. निळसर पांढरं, झगझगीत. बाजूला टांगलेला संस्थेत धुतला जाणारा एप्रन मात्र अंधारात मेल्यासारखा लोंबत होता. आधी तिला गंमत वाटली. मग तिने शेजारच्या स्टँडवरची काजव्याची, रंग न घातलेली नुसत्या नळ्यांची बाटली पाहिली, मग पुन्हा फडकं पाहिलं. तेच निळं होतं. रोज धुण्याचे कपडे पाहणाऱ्या बाईची नजर होती ती, दोन पांढऱ्यांतला फरक तिला कळतो तसा सारखेपणाही कळला.

दीड वर्षापूर्वी तिने कपड्यांची पावडर बदलली होती. नवरा अंथरुणाला खिळल्यापासून चादरींचं धुणं वाढलं होतं, साध्या वडीने त्या निघेनात. म्हणून दुकानदाराने दिलेली नवी पावडर आणली, पांढरं अधिक पांढरं करणारी. चादरी त्यातच धुतल्या जायच्या, आणि फडकीही.

ती काजव्याच्या स्टुलावर बसली. फडकं खिशात घालावं, घरी जाताना कचऱ्यात टाकावं, उद्यापासून पुसणं बंद. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. निळा उजेड जसा आला तसा गेला, असं मंडळी म्हणाली असती, आणि मुलीच्या कपाळावर लबाडीचा शिक्का बसला असता. फाइल काय, आज ना उद्या कुणीतरी हलवली असती. हा सगळा विचार तिच्या मनात आला. आलाच नाही असं म्हणणारी ती बाई नव्हती. पण काजवा हात पुसत आत आली तेव्हा मावशी म्हणाली, "दार लाव. आणि हे बघ."

काजव्याने फडकं पाहिलं. मग कोठारातून बंद खोक्यातल्या कोऱ्या बाटल्या आणल्या. पाच कोऱ्या, पाच मावशीने पुसलेल्या. दहांमध्ये एकाच भांड्यातलं द्रावण. अर्धा तास दोघी शेजारी बसून राहिल्या. दिवा लावला. पुसलेल्या पाच पांढऱ्याशुभ्र उजळल्या. कोऱ्या पाच नुसत्या पिवळ्या राहिल्या, लाल आणि हिरवं मिळून होतो तेवढ्याच.

काजव्याने कोडं तिथेच सोडवलं. कपडे पांढरे दिसावेत म्हणून पावडरीत एक चमक, म्हणजे उजळणारं रसायन, घालतात. पाण्यात मोकळी असली की ती जवळजवळ दिसत नाही, कापडाला चिकटली की उजळते. फडक्यावरून ती काचेवर उतरत होती, अगदी नखाएवढीसुद्धा नाही, आणि बाटलीत नळ्या बांधल्या गेल्या की कापडाला धरावं तशी नळ्यांना धरत होती. म्हणून नळ्या नसलेली बाटली काळी राहायची, आणि म्हणून शंभर वेळा पडताळूनही चोर सापडत नव्हता.

"म्हणजे माझी काच घाण होती," मावशी म्हणाली.

"तसं नाही हो, मावशी."

"तसंच आहे." करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं लोक सहज म्हणून जातात. तिला ते बोलणं गिळवेना. सहा वर्षं त्या पोरीने ज्या बाटल्यांवर जीव टाकला, त्या तिने आपल्या हातांनी माखून दिल्या होत्या, आणि वर ताठ मानेने फिरत होती!

दोघी सरांकडे गेल्या. मावशीनेच सगळं सांगितलं. फडकं, चादर, पावडर, काहीच झाकलं नाही. सरांनी ऐकून घेतलं आणि काजव्याकडे वळून विचारलं, "या कापड वापरतात हे तुला माहीत होतं?"

काजवा टेबलाच्या कडेकडे पाहत होती. "नाही, सर," ती म्हणाली.

मावशीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण पोरीच्या मानेवरची शीर उडत होती, आणि मावशी गप्प राहिली.

"भिंतीवर नियम लिहिलाय, बाई. वाचता येतं ना?"

"सर, पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणाला होतात ना, काच नुसती विसळलीय म्हणून. त्यानंतरच मी..."

"मी? कधी?" सरांनी खरोखरच आठवून पाहिलं. त्यांना आठवलं नाही. ते खोटं बोलत नव्हते, आणि तेच तिला जास्त लागलं. पाच वर्षं जे वाक्य तिने रोज पुसलं होतं, ते बोलणाऱ्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

तीन दिवस विभागात सगळे दबक्या आवाजात बोलत होते. चौथ्या दिवशी सरांचा चेहरा उजळला. हुशार माणूस, म्हटलं ना! समितीपुढे चूक कबूल करायची कशाला? ही चूक नव्हतीच. स्वस्तातली, कुठल्याही दुकानात मिळणारी कपड्यांची चमक पेप्टाइडच्या नळ्यांना धरते आणि झळकते, हा तर आधीपेक्षा मोठा शोध. तो मुद्दाम, ठरवून केलेला प्रयोग होता. गुपित राखलं, कारण पेटंट घ्यायचं होतं. फक्त ज्या हातांनी ती चमक बाटलीत गेली, त्या हातांची सही हवी होती.

त्यांनी मावशीला बोलावलं. खुर्चीवर बसायला सांगितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. टेबलावर दोन कागद होते.

पहिल्यावर लिहिलं होतं, की सरांच्या सूचनेवरून दीड वर्षापासून ती ठरावीक पावडरीत धुतलेल्या कापडाने ठरावीक बाटल्या पुसत आली. दुसऱ्यावर लिहिलं होतं, की लेखी नियम असूनही तिच्या निष्काळजीपणामुळे प्रयोगांमध्ये घाण गेली, सबब पुढची नेमणूक देऊ नये.

"कुठलाही निवडा," सर म्हणाले. "जबरदस्ती नाही. पहिल्यावर सही केलीत तर तुमची फाइल आजच वर पाठवतो."

"पण सर, सूचना तुम्ही कुठे दिली होतीत?"

"बाई, मघाशी तुम्हीच म्हणालात ना, माझ्या बोलण्यावरून तुम्ही पुसायला लागलात?" सर हसले. "मग झालं तर."

ते "मघाशी" तीन दिवसांपूर्वीचं होतं, पण त्याने काय फरक पडत होता! आठवत नव्हतं ते वाक्य आता त्यांच्या कामाला आलं होतं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो भिंतीला धरून उठत होता. ती खांदा देऊन उभी होती.

"कर की सही," तो धापा टाकत म्हणाला. "खोटं तो कागद बोलेल. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"नाव माझं आहे ना खाली."

"आणि दुसऱ्या कागदाखाली कुणाचं आहे?" तो पलंगाच्या कडेला बसला आणि कपाळावरचा घाम पुसू लागला. मग एकदम आवाज उतरवून म्हणाला, "मी तुला सांगत नाही हो. मला आपलं पडून राहायची सवय झालीय." हे त्याने इतक्या शहाण्या पोरासारखं म्हटलं की मावशीला त्याचा रागच आला. भांडला असता तर तिला नाही म्हणता आलं असतं.

सकाळी काजवा धुण्याच्या खोलीत वाट पाहत उभी होती. स्टुलावर बसली नव्हती. "मावशी, माझी सहा वर्षं तुमच्या हातात आहेत."

"आणि तू काही पाहिलंच नव्हतंस, होय गं?"

काजव्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशीने हात कोरडे केले. रडणाऱ्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवायची तिची सवय होती, पण त्या दिवशी हात उचलला नाही. ती सरळ सरांच्या खोलीत गेली आणि पहिल्या कागदावर सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं, गोल आणि स्वच्छ.

आता पुढचं ऐका. सरांनी शब्द पाळला, आणि ते म्हणतात ना, भीक नको पण कुत्रा आवर, तशी गत झाली. समितीने तो कागद मानला, आणि दीड महिन्यात तिला कायम केल्याचा हुकूम आला. नवऱ्याचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन का होईना, तो दारापर्यंत जाऊ लागला. लेख छापून आला, सरांना मानाचं पदक मिळालं, काजव्याला पदवी मिळाली. सगळ्यांचं सगळं झालं. फक्त हुकुमाच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती: सदर कर्मचाऱ्याला काचसामानाच्या कामातून मुक्त करून तळमजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोल्या आणि व्हरांडे यांची साफसफाई देण्यात येत आहे.

तिला वाटलं, टंकलेखनातली चूक असेल. ती हुकूम घेऊन सरांकडे गेली.

"बाई, तुम्हाला आणि मला माहीत आहे काय झालं ते," सर अगदी मऊपणे म्हणाले. "त्या काचेवर आता मी कुठल्या तोंडाने विश्वास ठेवू? आणि नाहीतरी आपण आता प्लास्टिकच्या बाटल्या आणतोय. वापरायच्या आणि फेकायच्या. कुणी धुवायलाच नको."

खोटा कागद जगाला दाखवायचा होता. शिक्षा मात्र सरांनी खऱ्याचीच दिली. यावर कुठे तक्रार करणार? तिच्याच सहीने तिचं तोंड बंद झालं होतं. धुण्याच्या खोलीला कुलूप लागलं. ती तळमजल्यावर फरशी पुसू लागली. खालच्या मजल्यावरची बाई आता रोज समोरून जायची. सात वर्षांनी ती आपण होऊन बोलली, "बरं झालं हो, कायम झालात!" आणि त्या बोलण्यात खोच नव्हती, हे मावशीला खोच असण्यापेक्षाही झोंबलं.

काजवा दुसऱ्या संस्थेत चालली होती, त्या दिवशी ती तळमजल्यावर आली. हातात छापलेला लेख होता आणि कापसात गुंडाळलेली एक बाटली. बाटलीचं तोंड मेणाने बंद केलं होतं.

"ही पहिली, मावशी. त्या सकाळची. तुमच्यासाठी ठेवली होती."

मावशीने आधी लेख उलटून शेवटचं पान पाहिलं. आभारांमध्ये सूक्ष्मदर्शकवाला होता, कोठारवाला होता, सरांच्या पत्नी त्यांच्या संयमासाठी होत्या.

"तुमचं नाव मी घातलं होतं," काजवा घाईने म्हणाली. "सर म्हणाले, घातलं तर लोक विचारतील, ही कोण."

"खरंय. कोण म्हणून सांगणार?"

काजवा पाया पडायला वाकली. मावशी म्हणाली, "अगं, फरशी ओली आहे," आणि तिला वरच्या वर धरून उभी केली. सुखी राहा, असंही म्हणाली. मनापासून म्हणाली की नाही, ते तिचं तिला सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर तिने बाटली मोरीवर ठेवली. दिवसाच्या उजेडात आत नुसतं गढूळ पाणी दिसत होतं, तांदळाच्या धुवणासारखं. जांभळा दिवा इथे कुठून येणार! नवरा दारातून काठी टेकत आला आणि म्हणाला, "हेच का ते? यात काय आहे पाहण्यासारखं?"

"काही नाही," ती म्हणाली.

मेण खरवडून तिने पाणी मोरीत ओतलं. साबण लावला. नळाखाली धरली, मग घरात होतं तेच पिण्याचं पाणी घेऊन तीन वेळा खळबळली, नियमात लिहिलं होतं तसं. मग हात सवयीने दोरीवरच्या फडक्याकडे गेला. फडकं स्वच्छ होतं, त्याच पावडरीत धुतलेलं, पांढऱ्याहून पांढरं. तिने ते बोटांत धरलं, थोडा वेळ धरून ठेवलं, आणि पुन्हा दोरीवर टाकलं. बाटली तिने खिडकीत उलटी ठेवली.

सकाळी बाटली वाळली होती. तिच्यावर पाण्याचा एक पांढुरका डाग राहिला होता, अगदी मधोमध. मावशीने तो पाहिला, अंगठा लावायला गेली, आणि तसाच राहू देऊन फरशी पुसायला कामावर निघून गेली.